कांदा निर्यात: सरकारचा हात काढायचा, की बांधायचा?

बांधावरून

नमस्कार मंडळी. 'सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये' असं कुणी म्हणालं की लगेच 'मग गरिबाने काय खायचं?' असा उलट सवाल येतो आणि चर्चा तिथेच मरते. म्हणून या धाग्यात एकच पीक घेऊ. कांदा. आणि त्याच्या निर्यातीचे नियम.

आधी तारखा मांडतो. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य जाहीर झालं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती मुदत संपायच्या आधीच, २२ मार्चला, बंदी पुढे वाढवली. ४ मे ला ती उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

वीसेक महिन्यांत सात वेळा नियम फिरला. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च अखेरपासून. म्हणजे २०२३ च्या रब्बीत रोप टाकल्यापासून कांदा उपटेपर्यंत, एकाच पिकाच्या पोटात, नियम तीनदा बदलला.

प्रश्न असा की सरकारने या व्यापारातून पूर्ण बाहेर पडावं, की हात ठेवावा पण तो कायद्याने बांधलेला असावा? मी दुसऱ्या बाजूचा आहे. मतं, आकडे, हरकती, सगळं येऊ द्या.

पिंपळपान

पूर्ण बाहेर. हात बांधला तरी गाठ सोडणारा तोच असतो.

सोनचाफा

बांधावरून, तारखा चोख दिल्यात, पण एक बाजू राहिली. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाच्या मालिकेत कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. ऐकायला नगण्य वाटतं. पण ती सरासरी आहे. रोजंदारीवरचं घर पाव-अर्धा किलो सुटा कांदा रोज घेतं, साठवून ठेवण्याइतका पैसा त्या घरात नसतो. भाव २५ चा ७० झाला की त्या घराला आठवड्याच्या आठवड्याला चटका बसतो. सरकारने तेव्हा नुसतं बघत बसायचं का? बाजार मोकळा ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

वहीखाते

सोनचाफाताई, प्रश्न रास्त आहे. पण भाव चढण्यातला किती भाग 'साठेबाजी' आणि किती निव्वळ खर्च, हे आधी मांडून बघू.

एप्रिलमध्ये १२ रुपये किलोने कांदा घेतला. कांदा साठवायच्या चाळीचं भाडं, निवड, हमाली, वाहतूक मिळून किलोमागे २ रुपये धरू. पैशाचं व्याज महिना १ टक्का, सहा महिन्यांचे ७२ पैसे. झाले १४.७२. ऑक्टोबरपर्यंत घट आणि सड मिळून ३५ टक्के माल जातो, म्हणजे किलोतला ६५० ग्रॅमच विकायला उरतो. १४.७२ भागिले ०.६५ केलं की येतात २२ रुपये ६५ पैसे. यात नफ्याचा एक पैसा नाही, किरकोळ विक्रेत्याचा वाटाही नाही. एप्रिलच्या १२ चे ऑक्टोबरात २३ होणं हा निसर्गाचा हिशेब आहे.

आता खरी गोष्ट. समजा ऑक्टोबरात २४ चा भाव मिळेल असा अंदाज आहे. उलटा हिशेब केला तर व्यापारी एप्रिलमध्ये १२.८३ पर्यंत बोली लावू शकतो. पण तीनातून एकदा साठा मर्यादा किंवा निर्यातबंदी येऊन भाव १५ वर आपटेल अशी धास्ती असेल, तर त्याच्या डोक्यातला सरासरी भाव २१ होतो आणि एप्रिलची बोली १०.९९ वर येते. किलोमागे १ रुपया ८४ पैसे कमी, क्विंटलला १८४ रुपये. दोनशे क्विंटल माल असलेल्या शेतकऱ्याचे ३६,८०० रुपये गेले. आणि त्या वर्षी बंदी आलीच नाही तरीही गेले.

बंदी ऑक्टोबरात येते, तिची किंमत एप्रिलमध्ये वसूल होते. ती भरतो काढणीला लगेच विकणारा, ज्याच्याकडे चाळ नाही तो. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो, आणि तो कुठल्याच बातमीत दिसत नाही.

तराजू

+१. लिलावात हे डोळ्यांनी दिसतं. सरकारी बैठकीची नुसती कुणकुण लागली तरी दुपारच्या सत्रात बोली दबकत येते.

रांगडा

वहीखाते यांनी ३५ टक्के घट धरली आहे, त्यावर थोडं. ती घट कायद्याने हलत नाही, पण काढणीच्या पद्धतीने बरीच हलते.

काढणीआधी १०-१५ दिवस पाणी तोडायचं. शेवटच्या टप्प्यात युरिया टाकला की मान जाड राहते, जाड मानेचा कांदा चाळीत पहिला सडतो. उपटल्यावर ३-५ दिवस शेतातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी पसरून सुकवायचा. मग अडीच-तीन सेंटीमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत १०-१५ दिवस. गोल्टी (बारीक कांदा), जोड, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, कापलेले बाजूला. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास, थर चार-पाच फुटांवर नाही. थर वाढवला की खालचा कांदा दबतो, हवा अडते आणि मधोमध ओल धरते.

जून ते सप्टेंबर दमट हवेत सड आणि काजळी, त्यानंतर कोंब. लासलगावला २००२ पासून विकिरण केंद्र आहे, पण विकिरणाने फक्त कोंब थांबतात, सड थांबत नाही. आणि तेही काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावं लागतं.

हे एवढं लिहिलं कारण सरकारी राखीव साठ्यालाही हेच नियम. २०२३ मध्ये केंद्राने राखीव साठ्याचं लक्ष्य ३ लाख टनांवरून ५ लाखांवर नेलं. माल सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेडच्या नावावर आहे म्हणून कांदा कमी सडत नाही.

सोनचाफा

रांगडा, उपयुक्त माहिती. पण मग राखीव साठा ठेवूच नये असं म्हणणं आहे का? ऑगस्ट २०२३ मध्ये २५ रुपये किलोने सरकारी कांदा विकायला काढला तेव्हा निदान ग्राहकाला दिलासा होता.

रांगडा

ठेवू नये असं नाही. आधी जाहीर केलेल्या प्रमाणात ठेवा, ठरलेल्या तारखांना लिलावाने बाजारात सोडा. अडचण केव्हा होते? २४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर होते त्याच आठवड्यात ४० टक्के शुल्कही असतं. एका हाताने भाव पाडायचा, दुसऱ्याने उचलायचा. मग व्यापाऱ्याला दोन्ही हातांचा अंदाज बांधत बसावं लागतं.

नाखवा

निर्यातीच्या बाजूने लिहितो. किमान निर्यात मूल्य आणि शुल्क यांत लोक गल्लत करतात.

८०० डॉलर किमान मूल्य म्हणजे डॉलर ८३ रुपये धरून किलोला ६६ रुपये ४० पैसे. त्याच्या खालचा सौदा नोंदवताच येत नाही. पाकिस्तान, चीन किंवा इजिप्तचा कांदा कमी भावात मिळत असताना ६६ रुपये कोण देणार? नाव किमान मूल्याचं, परिणाम बंदीचा. सरकारच्या तिजोरीत त्यातून काहीच येत नाही.

शुल्काचं वेगळं. ते जहाजावर चढवलेल्या किमतीवर लागतं. ग्राहकाने ३० रुपये किलो दिले आणि शुल्क ४० टक्के असेल तर १२ रुपये सीमाशुल्क खात्याचे. उरलेल्या १८ मध्ये प्रतवारी, जाळीच्या पिशव्या, बंदरापर्यंतची वाहतूक, कंटेनर, कागदपत्रं. शेवटी उरतो तो शेतकऱ्याचा भाव. तरीही बंदीपेक्षा शुल्क बरं, कारण सौदा करता येतो आणि नुकसान किती ते मोजता येतं.

७ डिसेंबर २०२३ च्या बंदीच्या अधिसूचनेत सूट कुणाला होती तेही बघा. लोडिंग आधीच सुरू झालेलं, किंवा शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्क अर्ज) भरलेलं आणि जहाज बंदरात लागलेलं किंवा नांगरलेलं, किंवा माल आधीच सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात दिलेला. म्हणजे ७ डिसेंबरला घाटात ट्रकमध्ये असलेला माल अडकला. करार झालेला, पिशव्यांवर परदेशी ग्राहकाचं नाव छापलेलं, तरी परत फिरवून देशी बाजारात ओतायचा. त्या आठवड्यातल्या घसरणीत या परत फिरलेल्या मालाचाही हात होता.

आणि परदेशी ग्राहक काय करतो? तो दुसरीकडे जातो आणि पुढच्या वर्षी तिथेच राहतो. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला बंदी घातली, तेव्हा आपल्यावर सर्वाधिक अवलंबून होता बांगलादेश. त्याच ऑक्टोबरात शेख हसीना यांनी दिल्लीत जाहीर कार्यक्रमात सांगितलं की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय. ते हसत सांगितलं होतं, पण त्यानंतर त्या देशाने स्वतःची लागवड वाढवायचा धोशा लावला. आज आपण दार उघडलं तरी तिकडची मागणी पूर्वीसारखी नाही.

कलमवाचक

आता या चर्चेचा कणा: अधिकार कुठून येतात.

कांद्यावर सरकारकडे तीन वेगळ्या चाव्या आहेत. साठा मर्यादेसाठी आवश्यक वस्तू अधिनियम १९५५, कलम ३. निर्यातबंदी आणि किमान मूल्यासाठी परकीय व्यापार (विकास व नियमन) अधिनियम १९९२, तेही कलम ३. निर्यात शुल्कासाठी सीमाशुल्क दर अधिनियम १९७५, कलम ८, ज्याचं शीर्षकच 'आणीबाणीचा अधिकार' असं आहे.

२०२० मध्ये पहिल्या चावीला कुलूप घातलं होतं. दुरुस्तीने कलम ३ मध्ये पोटकलम (१अ) आलं. फळं-भाजीपाल्याचा किरकोळ भाव १०० टक्के वाढला, नाशवंत नसलेल्या शेतमालाचा ५० टक्के वाढला, तरच साठा मर्यादा. वाढ मोजायची ती मागच्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरी भावाशी, यांतला जो कमी असेल त्याच्याशी.

हे 'जो कमी असेल' फार महत्त्वाचं. मागच्या वर्षी भाव कोसळून १५ वर असेल आणि यंदा तो सावरून ३० झाला, तर शंभर टक्के वाढ झाली आणि साठा मर्यादेचा रस्ता मोकळा. कोसळलेल्या वर्षाचा शेतकऱ्याला दुहेरी फटका.

ऑक्टोबर २०२० मध्ये हे कलम कांद्यावर वापरलंही गेलं. २१ ऑक्टोबरचा देशभराचा सरासरी किरकोळ भाव ५५.६० रुपये, पाच वर्षांची सरासरी २५.८७, वाढ ११४.९६ टक्के. मागच्या वर्षीच्या ४५.३३ शी तुलना केली असती तर वाढ फक्त सुमारे २३ टक्के होती. घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन अशी मर्यादा लागली. निर्णय पटो न पटो, आकडा जाहीर होता, कसोटी लिहिलेली होती, कुणालाही तपासून बघता येत होती.

पण त्याच्या महिनाभर आधी, १४ सप्टेंबर २०२० ला, निर्यातबंदी आली होती. ती १९९२ च्या कायद्याखाली. त्या कायद्यात कसोटीच नाही, ना भावाची, ना मुदतीची. पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड उघडं. आणि २०२१ मध्ये तीन कृषी कायदे मागे घेताना (१अ) सुद्धा वगळलं गेलं, म्हणजे आता पुढच्या दारालाही कुलूप नाही.

पिंपळपान

म्हणजे मी म्हणालो तेच. गाठ बांधणाऱ्यानेच सोडली.

कलमवाचक

पिंपळपान, ती संसदेत, मतदानाने, सगळ्यांच्या देखत सुटली. अधिसूचनेची गाठ रात्री सुटते. हा फरक मला मोठा वाटतो. याआधीचं उदाहरण म्हणजे २००२ चा केंद्राचा आदेश. परवाना, साठा मर्यादा आणि वाहतूकबंदी उठवून बऱ्याच अन्नपदार्थांचा व्यापार मोकळा केला होता. पण तो आदेश होता, कायदा नव्हे. पुढे गरज पडेल तेव्हा दुसऱ्या आदेशाने तो बाजूला ठेवत गेले.

जुना पत्रा

अवांतर: 'लायसन्स-परमिट राज' हा शब्दप्रयोग राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचा. त्यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा सोबत होते, १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा आल्या. महाराष्ट्रात हा विचार शेताच्या बांधापर्यंत नेला तो शरद जोशींनी, आणि त्यांच्या लढ्याची सुरुवातही चाकणच्या कांद्यापासूनच झाली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा अनुदान मागत नव्हती, भाव पाडू नका एवढंच सांगत होती. आज शेतीतलं 'खुलं धोरण' म्हणजे कंपन्यांचं धोरण असा समज झालाय, त्याचं वाईट वाटतं. मुळात ही मागणी बैलगाड्या घेऊन रस्त्यावर उतरलेल्यांची होती.

तराजू

छान आठवण.

सोनचाफा यांनी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं असं एक: बाजार मोकळा केला तरी लिलावात बोली लावणारे मोजकेच असतील तर? २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला नियमनातून मुक्त केला आणि आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणीही खरेदी करू शकतो. तरी कांद्याचा मोठा हिस्सा आवारातच का येतो? कारण पैशाची हमी. आवारातल्या परवानाधारकाने पैसे बुडवले तर बाजार समितीकडे दाद मागता येते, त्याचा परवाना धोक्यात येतो. बाहेर एखादा ट्रक भरून गेला आणि धनादेश वटला नाही, तर शेतकऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षं झिजवायच्या?

म्हणून माझ्या मते मर्यादित सरकार म्हणजे गैरहजर सरकार नव्हे. करार पाळायला लावणं, वजनकाटा तपासणं, बुडव्याकडून झटपट वसुली, ही सरकारचीच कामं. आज भाव ठरवण्यात सरकार हजर आहे आणि वसुलीत गैरहजर. नेमकं उलटं हवं.

सोनचाफा

तराजू, हे मनापासून पटलं.

पिंपळपान

वायदेबाजार मोकळा करा, भावाचा अंदाज सगळ्यांना दिसेल. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन, मोहरी, मूग, धान, कच्चं पाम तेल यांचे वायदे सेबीने थांबवले, तिथून अंधारच आहे.

वहीखाते

त्या सातांबद्दल सहमत. कांद्याबद्दल जपून. १९५५ मध्ये शिकागोच्या बाजारात दोघा व्यापाऱ्यांनी जवळजवळ सगळा कांदा ताब्यात घेऊन भाव आधी चढवला, मग पाडला. शेतकऱ्यांचा इतका संताप झाला की अमेरिकेने १९५८ मध्ये कायदा करून कांद्याचे वायदेच बंद केले. तो कायदा अजून लागू आहे. कांदा नाशवंत, प्रत सांगणं अवघड, साठा थोड्या हातांत. खुल्या बाजारातही तो सगळ्यात निसरडा माल आहे.

बांधावरून

धन्यवाद मंडळी. मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं धरून १९९२ च्या कायद्याला जोडायचं एक कलम सुचवतो, फोडून काढा.

एक, कांद्यावर बंदी आणि किमान निर्यात मूल्य दोन्ही नाहीत. हत्यार एकच, शुल्क, आणि त्याची कमाल पातळी कायद्यातच लिहिलेली. दोन, शुल्काची पायरी भावाला बांधलेली आणि रब्बीचं रोप टाकायच्या आधी, सप्टेंबर अखेरपर्यंत, पुढच्या वर्षासाठी जाहीर. तीन, जाहीर झाल्या तारखेआधी नोंदवलेल्या करारांना ४५ दिवस जुनाच दर. चार, साठ दिवसांनी शुल्क आपोआप संपेल, वाढवायचं तर कारण लिहून संसदेसमोर ठेवायचं. पाच, जमा झालेलं शुल्क चाळी आणि पक्की साठवण यांवरच खर्च.

याला नमुना घरचाच आहे. रिझर्व्ह बँकेला ४ टक्के महागाईचं लक्ष्य, वर-खाली २ टक्के मुभा, आणि सलग तीन तिमाही चुकलं तर सरकारला लेखी कारण द्यायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पत्र द्यावं लागलंही. पैशाच्या किमतीला हे जमतं तर कांद्याला का नाही?

नाखवा

तिसरा मुद्दा उत्तम, पण ४५ दिवसांचा गैरवापर होईल. शुल्क येणार अशी वदंता उठली की खोटे करार नोंदवले जातील. बँकेने उघडलेलं अपरिवर्तनीय पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) असेल तरच करार धरा. तोंडी किंवा ईमेलचा करार नको. बांगलादेशचा रस्त्याने जाणारा मालही त्यात बसवावा लागेल.

कलमवाचक

भाव कुठला धरणार? किरकोळ धरला तर शहरातल्या दोन पावसाळी आठवड्यांनी पायरी चढेल. लासलगावचा घाऊक धरला तर एकाच आवारात भाव खेळवणं सोपं. निदान दहा-बारा मोठ्या बाजारांचा, आवकेच्या प्रमाणात काढलेला, पंधरा दिवसांचा सरासरी भाव हवा. आणि 'जो कमी असेल' हे शब्द अजिबात नकोत. पाच वर्षांची सरासरी, तीही सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं वर्ष वगळून.

सोनचाफा

माझी अट एकच. अतिवृष्टीने खरीप झोपला, अशा वर्षी ग्राहकासाठी काय? आयात म्हणाल तर २०१९ आठवा. परदेशी कांदा बंदरात पोचेपर्यंत आपला लाल कांदा बाजारात आला होता, राज्यांनी मागणी मागे घेतली.

बांधावरून

बरोबर, कारण ती आयात सरकारने मागवलेली होती आणि उशिरा मागवलेली. खासगी आयातदार लवकर हलतो, पण त्याला धुरीकरणाच्या (मालातली कीड मारायला धुरी देण्याच्या) अटींवर सूट हवी असते आणि ती आपण दर वेळी भाव भडकल्यावर देतो. २०२० मध्येही ती थोड्या मुदतीसाठी दिली. त्या अटींचा पर्याय, म्हणजे इथल्या बंदरात धुरीकरण आणि तपासणी, कायमचा खुला ठेवला तर सप्टेंबरातच सौदे होतील. आणि ज्या घरांना खरोखर झळ बसते त्यांना भाव पायरीवर चढताच थेट खात्यात रक्कम. शुल्काचा काही भाग तिकडे वळवायला माझी तयारी आहे, म्हणजे पाचवा मुद्दा बदलतो. नाखवा आणि कलमवाचक यांच्या दोन्ही दुरुस्त्याही घेतो.

रांगडा

सप्टेंबर अखेर उशीर होईल. बियाणं ऑगस्टातच घेतलं जातं, रांगड्या, म्हणजे उशिरा खरिपाच्या, कांद्याची रोपं तर ऑगस्ट-सप्टेंबरातच पडतात. दर जाहीर करायचाच तर १५ जुलै.

बांधावरून

मान्य. १५ जुलै.